एक पेटी, अनेक पत्ते



तुम्हांला एकूण किती नावे आहेत, याचा कधी विचार केला आहे का? शाळेच्या हजेरीपटावर तुमचे एक नाव असते. घरी आई दुसऱ्याच नावाने हाक मारते. मोहल्ल्यातील मित्रांनी तिसरे नाव ठेवलेले असते. पण हाक कोणत्याही नावाने आली, तरी 'ओ' देणारे तुम्ही एकच असता.

मोठ्या माणसांचेही असेच असते. उर्दू शायरीचे आद्य कवी वली यांना कोणी वली दकनी म्हणतात, कोणी वली औरंगाबादी, तर कोणी वली गुजराती. नावे तीन, शायर एकच. मराठीत विष्णु वामन शिरवाडकर कविता लिहू लागले की 'कुसुमाग्रज' होत. कृष्णाजी केशव दामले यांना तर सारा महाराष्ट्र 'केशवसुत' याच नावाने ओळखतो. अशा दुसऱ्या नावासाठी मराठीत आणि उर्दूत एकच शब्द आहे, 'उर्फ'. हा मूळचा अरबी शब्द आपल्या दोन्ही भाषांनी आपला मानला आहे.

आज आपण पाहणार आहोत, की संगणकाच्या टपालातही 'उर्फ' असतो. एकाच माणसाला ई-मेलचे दोन, चार, दहा पत्ते देता येतात आणि सर्व पत्त्यांवरची पत्रे एकाच पेटीत पडतात. हे कसे घडते आणि त्याचा उपयोग काय, ते नीट समजून घेऊ. ही माहिती मी पुस्तकातून शिकले, पण तिची खरी गरज मला एका चुकीमुळे कळली. ती हकिकत आधी सांगते.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलीने शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता. मुलगी हुशार. वडील हातगाडीवर फळे विकत. तिचा स्वतःचा ई-मेल पत्ता नव्हता, म्हणून तिने अर्जात वर्गशिक्षिका म्हणून माझा पत्ता दिला. तो शाळेने मला दिलेला पत्ता होता. त्यात माझ्या नावाचे पहिले अक्षर होते आणि पुढे 'शेख' हे आडनाव होते.

आता 'शेख' हे आडनाव उर्दूत लिहायचे तर काहीच अडचण नाही. शीन, ये, खे ही तीन अक्षरे लिहिली की झाले. मराठीत तर दोनच अक्षरे, 'शे' आणि 'ख'. पण इंग्रजीत ते कसे लिहाल? कोणी एस-एच-ए-आय-के-एच लिहितो. कोणी एस-एच-ई-आय-के-एच लिहितो. कोणी शेवटचा एच गाळतो, तर कोणी मधला आय गाळतो. एकाच घरातील दोन भावांच्या दाखल्यांवर दोन वेगळी स्पेलिंगे असतात, हे तुम्ही पाहिले असेल. माझ्या पत्त्यात पहिले स्पेलिंग होते. ज्या कार्यालयात अर्ज गेला, तेथे माहिती संगणकात भरताना कोणीतरी दुसरे स्पेलिंग लिहिले. फरक फक्त एका अक्षराचा.

त्या कार्यालयाने पत्र पाठवले, "अर्जासोबत एक कागद कमी आहे, सात दिवसांत पाठवा." ते पत्र शाळेच्या सर्व्हरपर्यंत आले. सर्व्हरने आपली यादी पाहिली. त्या स्पेलिंगचे नाव यादीत नव्हते. सर्व्हरने पत्र घेतले नाही. ते परत गेल्याची सूचना पाठवणाऱ्याला मिळाली असणार, पण ती कोणी वाचली नाही. आम्हांला हे सर्व कळले तेव्हा मुदत संपून गेली होती. त्या वर्षीची शिष्यवृत्ती मुलीच्या हातून गेली. ती रडली नाही. मला एवढेच म्हणाली, "आपा, अक्षर तर एकच चुकलं होतं ना?"

तिच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. शाळेच्या संगणक-कक्षाचे आणि ई-मेलचे काम माझ्याकडेच होते. त्यामुळे चूक जरी दुसऱ्याची असली, तरी ती सांभाळून घेण्याची सोय मीच केली नव्हती, ही गोष्ट मनाला लागून राहिली. ती सोय कोणती, हेच या पाठात सांगायचे आहे.

प्रथम ई-मेलचा पत्ता कसा असतो, ते पाहू. प्रत्येक पत्त्याचे दोन भाग असतात. मध्ये एक गोल चिन्ह असते. त्याला आपण 'ॲट' म्हणतो. ॲटच्या आधीचा भाग माणसाचा किंवा कामाचा असतो. ॲटच्या नंतरचा भाग त्या संस्थेचा असतो. त्याला 'डोमेन' म्हणतात. रे टॉमलिन्सन नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर संदेश पाठवला. ते दोन्ही संगणक एकाच खोलीत शेजारी शेजारी होते, पण संदेश गेला तो संगणकांच्या जाळ्यातून. त्यांना माणसाचे नाव आणि संगणकाचे नाव यांच्या मध्ये एखादे चिन्ह हवे होते. जे चिन्ह माणसांच्या नावांत कधीच येत नाही, असे त्यांनी निवडले. तेच हे ॲट. टॉमलिन्सन २०१६ साली वारले, पण त्यांचे चिन्ह आज जगातील प्रत्येक ई-मेल पत्त्यात आहे.

पत्त्याचे दोन भाग कशासाठी? आपल्या शहराचेच उदाहरण घेऊ. मलिक अंबरने १६१० साली खडकी येथे हे शहर वसवले. त्याचा मुलगा फतेहखान याने १६२६ साली त्याला फतेहनगर हे नाव दिले. १६५३ साली औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना ते औरंगाबाद झाले. २०२३ साली शासनाने त्याचे नाव छत्रपती संभाजीनगर असे केले. म्हणजे चारशे वर्षांत एकाच शहराला चार नावे मिळाली. आता कल्पना करा, की तुमच्या घरी येणाऱ्या एका पत्रावर जुने नाव लिहिले आहे आणि दुसऱ्यावर नवे नाव. दोन्ही पत्रे घरी पोहोचतील का? पोहोचतील. कारण दोन्हींवर खाली ४३१००१ हा पिनकोड असेल, तर दोन्ही पत्रे शहराच्या एकाच मुख्य टपाल कार्यालयात येतील. तेथून पुढे मोहल्ला, गल्ली आणि घर पाहून पोस्टमन ती तुमच्या हातात देईल.

उलट प्रकारही पाहा. पत्रावर नुसते 'खडकी' लिहिले, तर ते आज पुण्याच्या खडकीला जाईल. तेथील पिनकोड ४११००३ आहे. नुसते 'औरंगाबाद' लिहिले, तर पत्र बिहारमध्येही जाऊ शकेल. कारण बिहारमध्येही औरंगाबाद नावाचे शहर आहे आणि त्याचा पिनकोड ८२४१०१ आहे. एका शहराची अनेक नावे असतात, तशी एका नावाची अनेक शहरेही असतात. हा घोळ मिटावा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून भारतात पिनकोड सुरू झाला. ही योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने तयार केली. ते केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यात अधिकारी होते आणि संस्कृतमध्ये काव्ये व नाटकेही लिहीत. पिनकोडचा पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय सांगतात.

ई-मेलमध्ये डोमेन हे पिनकोडसारखे काम करते. पत्र कोणत्या कार्यालयात न्यायचे, ते डोमेनवरून ठरते. ॲटच्या आधीचे नाव मात्र त्या कार्यालयात पोहोचल्यावरच वाचले जाते. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढची सर्व गंमत याच मुद्द्यात आहे.

आता पत्राचा प्रवास पाहू. तुम्ही संगणकावर पत्र लिहून पाठवण्याचे बटण दाबले, की ते आधी तुमच्या मेल सर्व्हरकडे जाते. मेल सर्व्हर म्हणजे टपाल कार्यालयाचे काम करणारा संगणक. तो रात्रंदिवस चालू असतो. तुमचा सर्व्हर डोमेनचे नाव वाचतो आणि इंटरनेटवरील नावांच्या मोठ्या नोंदवहीत पाहतो, की या डोमेनचे टपाल कोणता सर्व्हर स्वीकारतो. मग तो त्या सर्व्हरशी जोडला जातो. दोन्ही सर्व्हर एकमेकांशी ठरलेल्या भाषेत बोलतात. या बोलण्याचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिले. ते पुढे सुधारले गेले, पण त्यांचा गाभा आजही तोच आहे. त्यांचे बोलणे साधारण असे असते :

"सलाम. मी अमुक सर्व्हर."
"या. काय काम आहे?"
"अमक्याचे पत्र आणले आहे."
"ठीक आहे."
"ते तुमच्याकडील शेख यांना द्यायचे आहे. घ्याल का?"

या शेवटच्या प्रश्नाला सर्व्हर दोनपैकी एक उत्तर देतो. नाव यादीत असेल, तर तो २५० हा आकडा सांगतो. त्याचा अर्थ 'हो, द्या'. नाव नसेल, तर तो ५५० हा आकडा सांगतो. त्याचा अर्थ 'येथे असे कोणी नाही'. माझ्या विद्यार्थिनीचे पत्र या ५५० ला अडखळून परत गेले होते.

पण मित्रांनो, सर्व्हर कोणती यादी पाहतो? येथेच आपला 'उर्फ' येतो. सर्व्हरजवळ दोन याद्या असतात. पहिली यादी खऱ्या पेट्यांची. प्रत्येक माणसाची एक पेटी असते आणि तिला एक परवलीचा शब्द असतो. दुसरी यादी उपनावांची. इंग्रजीत उपनावाला 'एलिअस' म्हणतात. उपनावाला स्वतःची पेटी नसते. परवलीचा शब्दही नसतो. ते फक्त एका पेटीकडे बोट दाखवते. उपनावांची यादी फार साधी असते. प्रत्येक ओळीत डावीकडे पत्त्यातील नाव, मध्ये दोन टिंबे आणि उजवीकडे ज्या पेटीत पत्र टाकायचे तिचे नाव. उदाहरणार्थ :

परीक्षा : शेख
ग्रंथालय : शेख
संगणककक्ष : शेख

समजा, आपल्या शाळेचे डोमेन 'आपलीशाळा.भारत' असे आहे. हे नाव फक्त या पाठापुरते घेतले आहे. वरील तीन ओळी लिहिल्यावर 'परीक्षा@आपलीशाळा.भारत' या पत्त्यावर आलेले पत्र शेखबाईंच्या पेटीत पडेल. 'ग्रंथालय@आपलीशाळा.भारत' यावर आलेलेही तेथेच पडेल. आणि 'शेख@आपलीशाळा.भारत' हा मूळ पत्ता तर आहेच. पत्ते चार झाले, पण पेटी एकच, किल्लीही एकच. बाईंना रोज चार ठिकाणी पाहावे लागत नाही.

उपनावांची ही पद्धत नवीन नाही. अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी १९८०च्या सुमारास 'सेंडमेल' नावाची टपाल-प्रणाली तयार केली. तीत अशी यादी होती. पुढे वित्से वेनेमा या मूळच्या डच शास्त्रज्ञाने तयार केलेली 'पोस्टफिक्स' ही प्रणाली १९९८ साली लोकांसमोर आली. तीतही यादीची हीच रीत ठेवली आहे. भारतात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. म्हणजे ते आपल्याकडे आले, तेव्हा ही रीत चांगली रुळलेली होती.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. सर्व्हर सांभाळणाऱ्याने आधी खऱ्या पेटीचे नाव ठरवावे. ते एकदा ठरले की शक्यतो बदलू नये. नंतर उपनावांची यादी कागदावर लिहावी. त्या नावांपैकी एखादे नाव दुसऱ्या कोणाची पेटी किंवा उपनाव तर नाही ना, हे तपासावे. मग यादीच्या फाइलमध्ये एका ओळीत एक याप्रमाणे नावे लिहावीत. फाइल जतन केल्यावर सर्व्हरला नवी यादी वाचण्याची आज्ञा द्यावी लागते. सेंडमेल आणि पोस्टफिक्समध्ये या आज्ञेचे नाव 'न्यूएलिअसेस' असे आहे. नवखे लोक ही आज्ञा द्यायला विसरतात आणि मग 'यादीत नाव आहे, तरी पत्र का येत नाही?' म्हणून डोके धरून बसतात. मीही एकदा अशी बसले आहे. शेवटी बाहेरच्या एखाद्या पत्त्यावरून प्रत्येक उपनावावर एकेक पत्र पाठवून पाहावे. सर्व पत्रे पेटीत आली, तरच काम पूर्ण झाले असे समजावे.

ज्या शाळांचे ई-मेल मोठ्या कंपन्यांच्या सेवेवर चालते, तेथे फाइल उघडावी लागत नाही. व्यवस्थापकाच्या पानावर त्या व्यक्तीच्या नावासमोर दुसरा पत्ता जोडण्याची सोय असते. गूगलच्या संस्थांसाठीच्या सेवेत एका व्यक्तीला असे तीस पत्ते जोडता येतात. वरून रूप वेगळे दिसले, तरी आतली रीत तीच, डावीकडे उपनाव आणि उजवीकडे पेटी.

तुम्ही म्हणाल, "आपा, आमच्याकडे कुठे सर्व्हर आहे?" नसला तरी हरकत नाही. १ एप्रिल २००४ रोजी सुरू झालेल्या जीमेलमध्ये प्रत्येकाला थोडीशी ही सोय आपोआप मिळते. तेथील पत्त्यात ॲटच्या आधीच्या नावात कोठेही टिंब दिले किंवा गाळले, तरी पत्र त्याच पेटीत येते. तसेच नावानंतर अधिक चिन्ह देऊन पुढे एखादा शब्द लिहिता येतो. उदाहरणार्थ, नावापुढे अधिक चिन्ह आणि 'शिष्यवृत्ती' या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहिला, तरी पत्र तुमच्याच पेटीत येईल. मग शिष्यवृत्तीची सर्व पत्रे वेगळी ओळखता येतात. मात्र टिंबांची ही सवलत प्रत्येक सेवेत नसते. दुसऱ्या एखाद्या सेवेत टिंब असलेले नाव आणि टिंब नसलेले नाव ही दोन वेगळी माणसे असू शकतात. म्हणून पत्ता लिहिताना टिंब जसे असेल तसेच लिहावे.

येथे तीन गोष्टींतील फरक समजून घेणे आवश्यक आहे. पहिली गोष्ट उपनाव. त्यात अनेक पत्ते आणि एक पेटी असते. दुसरी गोष्ट यादी-पत्ता. त्यात एक पत्ता आणि अनेक पेट्या असतात. जसे 'शिक्षक' या पत्त्यावर पाठवलेले पत्र शाळेतील सर्व शिक्षकांना मिळते. उपनावाच्याच ओळीत उजवीकडे अनेक नावे लिहिली, की यादी-पत्ता तयार होतो. तिसरी गोष्ट वेगळी पेटी. परीक्षेची पत्रे दोन-तीन शिक्षकांनी मिळून पाहायची असतील, तर तेथे उपनाव पुरत नाही. त्यासाठी स्वतंत्र पेटीच हवी. नाहीतर एका शिक्षकाच्या खासगी पेटीची किल्ली दुसऱ्याला द्यावी लागेल आणि ते योग्य नाही.

उपनावांचा सर्वांत मोठा फायदा माणूस बदलतो तेव्हा दिसतो. समजा, परीक्षेचे काम शेखबाईंकडून देशमुख सरांकडे गेले. तर यादीतील एकच ओळ बदलायची. 'परीक्षा : शेख' याऐवजी 'परीक्षा : देशमुख' असे लिहायचे. बाहेरच्या कोणालाही नवा पत्ता कळवावा लागत नाही. छापलेली माहितीपुस्तिका फेकावी लागत नाही. म्हणूनच पत्त्यांचे दोन प्रकार पाडावेत, माणसाचे पत्ते आणि कामाचे पत्ते. कामाचा पत्ता काम करणाऱ्याबरोबर फिरवावा. माणसाचा पत्ता मात्र त्या माणसाचाच राहू द्यावा. शाळा सोडून गेलेल्या शिक्षकाचा पत्ता नव्या शिक्षकाला कधीही देऊ नये. नाहीतर जुन्या शिक्षकाची बँकेची, घरची, आजारपणाची पत्रे परक्याच्या हाती पडतील. कामाच्या पत्त्यांपैकी एक पत्ता तर प्रत्येक डोमेनमध्ये असलाच पाहिजे. तो म्हणजे 'पोस्टमास्टर'. १९८२ च्या नियमांतही ही अट होती. टपालात बिघाड झाला, तर तक्रार कोणाकडे करायची, हे बाहेरच्या माणसाला न विचारता कळावे, हा तिचा हेतू आहे.

उपनावांचे काही धोकेही आहेत. पहिला धोका वर्तुळाचा. 'अ' ची पत्रे 'ब' कडे आणि 'ब' ची पत्रे 'अ' कडे अशा दोन ओळी चुकून लिहिल्या, तर पत्र फिरतच राहील. चांगले सर्व्हर असे वर्तुळ ओळखून पत्र थांबवतात, पण ते पेटीत मात्र पडत नाही. दुसरा धोका उत्तराचा. पत्र उपनावावर आले, तरी तुम्ही उत्तर दिले की ते साधारणपणे मूळ पत्त्यावरून जाते. पत्र मिळालेला माणूस गोंधळतो, की मी परीक्षा-विभागाला लिहिले आणि उत्तर या बाईंनी का दिले? म्हणून उत्तर कोणत्या पत्त्यावरून जावे, ते वेगळे ठरवून ठेवावे लागते.

तिसरा धोका मोहाचा आहे. कोणी म्हणेल, "एवढी यादी कशाला करायची? ॲटच्या आधी काहीही लिहिलेले असो, सर्व पत्रे एका पेटीत घ्या." अशी सोय करता येते. पण आपल्या शहराचे जुने लोक शहाणे होते. त्यांनी शहराला दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा, मक्का दरवाजा, भडकल दरवाजा असे पुष्कळ दरवाजे ठेवले, पण तट पाडून टाकला नाही. येणाऱ्या पाहुण्यासाठी दरवाजे हवेत. मात्र तटच नसेल, तर पाहुणा आणि लुटारू यांत फरक राहत नाही. सर्व नावांची पत्रे घेणाऱ्या पेटीत जाहिरातींचा आणि फसव्या पत्रांचा एवढा कचरा साठतो, की त्यात कामाचे पत्र सापडत नाही. म्हणून दरवाजे मोजून ठेवावेत.

आणि एक मर्यादाही लक्षात असू द्या. उपनाव फक्त ॲटच्या आधीची चूक सांभाळते. डोमेन चुकले, तर पत्र आपल्या सर्व्हरपर्यंत येतच नाही. ते दुसरीकडे जाते किंवा वाटेतूनच परत फिरते. पिनकोड चुकलेल्या पत्राला आपल्या गल्लीतील पोस्टमन तरी काय करणार?

आता तुमच्या आवडीची एक गोष्ट सांगते. पत्ता इंग्रजी अक्षरांतच असला पाहिजे का? पूर्वी तसेच होते. २७ ऑगस्ट २०१४ रोजी भारत सरकारने देवनागरी लिपीतील 'भारत' हे डोमेन सुरू केले. उर्दू लिपीतही 'भारत' हे डोमेन आहे. ॲटच्या आधीचे नावही आपल्या लिपीत लिहिता यावे, यासाठीचे नियम २०१२ साली ठरले. २०१६ साली जयपूरच्या एका कंपनीने हिंदी, मराठी, उर्दू अशा भारतीय भाषांतील ई-मेल पत्ते द्यायला सुरुवात केली. म्हणजे 'शेख' हे आडनाव आता शीन, ये, खे याच अक्षरांत लिहून पत्ता तयार करता येतो. तेथे स्पेलिंगचा प्रश्नच उरत नाही.

अडचण एवढीच, की असे पत्ते अजून सर्व सर्व्हर स्वीकारत नाहीत. काही अर्जांच्या रकान्यात ते लिहिताच येत नाहीत. मग काय करावे? येथेही उपनावच मदतीला येते. एक पत्ता उर्दूत, एक मराठीत आणि एक इंग्रजीत ठेवावा. तिन्ही पत्ते एकाच पेटीकडे न्यावेत. ज्याला जी लिपी येते, त्याने त्या लिपीत लिहावे. तुम्ही घरी एक भाषा बोलता, शाळेत दुसरी शिकता आणि परीक्षेच्या अर्जात तिसरी वापरता. तुमचे मन जसे तिन्ही भाषांना सामावून घेते, तशीच ही पेटी तिन्ही लिपींना सामावून घेते.

आता त्या मुलीची गोष्ट पूर्ण करते. शिष्यवृत्ती हुकली, त्याच आठवड्यात मी माझ्या आडनावाची लोक जितक्या प्रकारे स्पेलिंगे करतात, ती एका कागदावर लिहिली. चार झाली. एक खऱ्या पेटीचे नाव होते. उरलेल्या तिन्हींच्या तीन ओळी यादीत घातल्या. मग इतर शिक्षकांकडे गेले. आमच्या शाळेत शेख आडनावाचे आणखी दोघे आहेत. म्हणून नावाचे पहिले अक्षर सोबत ठेवून त्यांच्याही ओळी लिहिल्या, म्हणजे एकाचे पत्र दुसऱ्याला जाणार नाही. मोहम्मद, सय्यद, कुरेशी, सिद्दीकी ही नावे इंग्रजीत किती प्रकारांनी लिहितात, ते त्या दिवशी मला कळले. संध्याकाळपर्यंत यादी दोन पाने झाली. शेवटी आज्ञा दिली आणि प्रत्येक पत्त्यावर एकेक पत्र पाठवून पाहिले.

पुढच्या वर्षी त्या मुलीने पुन्हा अर्ज केला. या वेळीही एक कागद कमी पडला. या वेळीही माझे आडनाव चुकीचेच लिहिले गेले. पण सर्व्हरने यादी पाहिली, २५० म्हटले आणि पत्र माझ्या पेटीत टाकले. मी ते छापून तिच्या हातात दिले. तिने आधी पत्त्याची ओळ वाचली, मग मजकूर वाचला आणि धावत झेरॉक्सच्या दुकानाकडे गेली. तिला शिष्यवृत्ती मिळाली. पण आधीचे वर्ष तिला परत मिळाले नाही, हेही मी विसरत नाही.

मुलांनो, दुसऱ्याने आपले नाव बरोबर लिहावे, असा आग्रह जरूर धरावा. अर्ज भरताना आपला पत्ता एकेक अक्षर सुटे करून सांगावा आणि भरलेला अर्ज पुन्हा वाचून पाहावा. तरीही माणसांच्या हातून चुका होतात. तुमच्यापैकी काही जण पुढे एखाद्या कार्यालयात, बँकेत किंवा रुग्णालयात सर्व्हर सांभाळतील. तेव्हा यादीत एखादी जास्तीची ओळ लिहायला कंटाळू नका. ती ओळ लिहायला एक मिनिट लागते. तिच्यावाचून कोणाचे तरी एक वर्ष जाऊ शकते.

आज घरी गेल्यावर एक काम करा. तुमचे, आईचे आणि वडिलांचे नाव शाळेच्या दाखल्यावर, आधार कार्डावर आणि बँकेच्या पासबुकावर इंग्रजीत कसे लिहिले आहे, ते वहीत उतरवून काढा. सगळीकडे स्पेलिंग सारखे आहे का, ते पाहा. नसेल, तर ती वही उद्या वर्गात घेऊन या. आपण तिच्यावरूनच पुढचा धडा सुरू करू.